मॅट्रिक्स डिफ्यूजनला ‘मुरणे’ चालेल का?

खडकवासी: फिनलंडच्या ओन्कालोवर लिहितोय, ओल्किलुओतो बेटाखाली साधारण ४३० मीटर खोल, ग्नाइस खडकात वापरलेलं अणुइंधन पुरायची जी जागा केलीय ना, ती. इंधनाचा डबा फुटलाच तर किरणोत्सारी अणू खडकातून कसे सरकतील याच्या मॉडेलमध्ये मॅट्रिक्स डिफ्यूजन येतं. पाणी वाहतं भेगांतून, पण त्यात विरघळलेले अणू बाजूच्या अख्ख्या दिसणाऱ्या खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात नि तिथंच रेंगाळतात. कोशातलं ‘विसरण’ म्हणजे नुसतं डिफ्यूजन. ‘मुरणे’ कसं वाटतं?

झिरा: नाही पटलं. मुरणे म्हटलं की पाणी मुरतं, इथं छिद्रांतलं पाणी जवळपास जागचं हलतच नाही, फक्त अणू जास्तीकडून कमीकडे जातात. शिवाय भेगेतलं प्रमाण घटलं की तेच अणू परत बाहेर! आपल्याकडं ‘पाणी कुठंतरी मुरतंय’ म्हटलं की ते गेलंच समजायचं :)

खडकवासी: पण लोणच्यात मीठ फोडीत मुरतं, पाणी उलट बाहेर सुटतं. म्हणजे विरघळलेलं मुरू शकतं की. परत येण्याचा मुद्दा मात्र मान्य.

क्षारवाली: ‘मुरणे’ला माझं मत, फक्त सॉर्प्शनसाठी तोच शब्द वापरू नका, आणि ‘शोषण’ तर नकोच, खनिजाच्या पृष्ठभागाला चिकटणं म्हणजे अधिशोषण. फरक बारीक नाहीये. सीझियम-१३७ मुरतं आणि चिकटतंही, अर्धायुष्य ३० वर्षं, त्यामुळं रखडत रखडत वाटेतच संपतं. आयोडीन-१२९ पाण्यात ऋणभारित, खनिजांचे पृष्ठभागही बहुतेक ऋणभारितच, मग ते थोडंफार मुरेल पण चिकटणार जवळपास नाहीच, आणि अर्धायुष्य दीड कोटी वर्षांच्या वर! सुरक्षेच्या हिशोबात म्हणूनच ते सारखं डोकं वर काढतं. मुरणं आणि चिकटणं, दोन्हीला एकच शब्द वापरलात तर वाचकाला हे कळणारच नाही.

झिरा: बरं, मग ‘खडकात मुरणे’ असं पूर्ण लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथं सांगून टाका की पाणी नाही, विरघळलेलं मुरतं आणि उलटंही येतं.

खडकवासी: चालेल. आता रिटार्डेशन फॅक्टर. ‘मंदन’ शाळेतच वेग कमी होत जाण्याला देऊन बसलोय, इथं तर पाण्याच्या मानाने अणू किती पट हळू जातो एवढंच मोजायचंय.

क्षारवाली: मी वर ‘रखडत’ लिहिलंच आहे, ‘रखडांक’ करा :D

झिरा: हसलो, पण अर्थ लगेच कळला. घ्या.