मुलांच्या खडू-पेस्टलच्या चित्रांतले रंग मळतात. शिकवण्याची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : हळदपेठ (सांगली)

नमस्कार. विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात गेले 2 महिने दर रविवारी सकाळी मी 7 ते 12 वर्षांच्या 11 मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. कलाशिक्षणाची पदवी माझ्याकडे नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या होत्या, तेवढीच शिदोरी. आजवर मुले तेलखडूंनी रंगवत होती. या महिन्यात पालकांनी वर्गणी काढून 24 रंगांच्या कोरड्या खडू-पेस्टलच्या पेट्या आणून दिल्या आणि तिथून माझी अडचण सुरू झाली.

मागच्या रविवारी मी मार्केट यार्डातले हळदीचे ढीग हा विषय दिला होता. एका 9 वर्षांच्या मुलीने ढिगाचा पिवळा रंग फार सुरेख भरला, मग सावली दाखवण्यासाठी त्याच्या एका बाजूवर काळी कांडी फिरवली आणि बोटाने घासली, तर पाहता पाहता सगळी हळद शेवाळासारखी हिरवट झाली. ती रडवेली झाली आणि तसे का झाले हे मला सांगता आले नाही. बाकीच्यांच्या चित्रांतही शेवटी एकच राखाडी चिखल उरतो. कागद नेहमीचा गुळगुळीत ड्रॉइंग पेपर आहे. वर्गातल्या एका मुलाला दम्याचा त्रास असल्यामुळे भुकटीचीही काळजी वाटते. या माध्यमाची ओळख मुलांना कोणत्या क्रमाने करून द्यावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : निवृत्त कलाशिक्षक (सातारा)

ताई, त्या मुलीला सर्वांत आधी हे सांगा, की सावली दाखवायला हवी हे तिच्या लक्षात आले, हेच मोठे आहे. पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरवटच होतो, मग माध्यम जलरंग असो, पोस्टर कलर असो की खडू. पिवळ्याची सावली हवी असेल तर आधी गेरूसारखा तांबूस, मग तपकिरी आणि सर्वांत खोल जागी जांभळ्याचा अगदी हलका हात, असे चढवत न्यावे. पहिले काही महिने मी तर पेटीतली काळी कांडी काढूनच ठेवत असे. मुले कुरकुर करतात, पण 2-3 वर्गांत गडद निळा आणि तपकिरी यांतून अंधार काढायला शिकतात.

आता चिखलाविषयी. तेलखडूत तेल आणि मेण असते, त्यामुळे दाबून घासला की रंग कागदाला चिकटून बसतो. खडू-पेस्टलमध्ये रंगद्रव्याची भुकटी, खडूसारखी पांढरी पूड आणि कांडी बांधून ठेवण्यापुरता थोडासा डिंक, एवढेच असते. हा रंग वाळत नाही आणि चिकटतही नाही, तो कागदाच्या खरखरीत दाण्यांमध्ये नुसता अडकून राहतो. दाणे एकदा गच्च भरले की वरचा रंग खालच्या रंगावर घसरतो आणि दोन्ही एक होतात. गुळगुळीत कागदाला मुळात दाणाच नसतो, त्यामुळे पहिल्या थरातच जागा संपते. तेलखडूंमुळे मुलांच्या हाताला दाबण्याची सवय लागलेली आहे, ती आधी सोडवावी लागेल. तेलखडूच्या थरावर हा खडू धरतही नाही, म्हणून दोन्ही माध्यमे एका कागदावर आणू नयेत.

कागदासाठी फार खर्च करण्याची गरज नाही. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्या आणि त्याची चकचकीत बाजू खाली ठेवून निस्तेज, खरबरीत बाजूवर काम करा. खाकी पार्श्वभूमीवर पिवळा आणि पांढरा जसा उजळतो, तसा तो पांढऱ्या कागदावर कधीच उजळत नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा रंगीत पेस्टल पेपर चांगलाच, पण तो सरावाला वापरू नका.

पहिल्या वर्गात चित्र काढूच नये. कांड्यांवरचे कागद सोलून त्यांचे अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करावेत. नवी कोरी कांडी मोडताना मुलांचा जीव कासावीस होतो, तरी मोडावी, कारण अख्खी कांडी हातात असली की मूल ती पेन्सिलीसारखीच धरते. तुकडा आडवा धरून कागदावरून नुसता ओढायला सांगा, पिसाने पाटी पुसावी इतका हलका. मग तोच पट्टा थोडा दाबून, मग आणखी दाबून. पहिल्या पट्ट्यात कागदाचे दाणे ठिपक्यांसारखे उघडे दिसतात आणि तिसऱ्यात ते बुजतात. मुलांना भिंगातून हा फरक दाखवा. माझ्या वर्गात भिंग आले की तासभर कुणी जागचे उठत नसे. त्यानंतर कांडीच्या टोकाने जवळजवळ समांतर रेघा, त्यांवर दुसऱ्या रंगाच्या तिरप्या रेघा, एवढे पुरे.

बोटाने घासणे, ज्याला आपण ब्लेंडिंग म्हणतो, ते मी तिसऱ्या वर्गापर्यंत शिकवत नसे. बहुतेक ठिकाणी तेच आधी शिकवतात, कारण त्यातून चटकन गुळगुळीत आकाश मिळते आणि मूल खूश होते. पण एकदा घासण्याची गोडी लागली की मूल प्रत्येक गोष्ट घासते. दगडही ढगासारखा मऊ होतो आणि रंगाचे तेज जाते. पुढे शिकवाल तेव्हाही जवळजवळचेच रंग एकमेकांत मिसळू द्या, दर रंगाला वेगळे बोट लावायला सांगा आणि ओले फडके शेजारी ठेवा. घासून झालेल्या भागावर शेवटी पुन्हा 4-5 न घासलेल्या रेघा आल्याच पाहिजेत. फ्रेंच चित्रकार शार्दँ यांनी उतारवयात डोळे अधू झाल्यावर तैलरंग बाजूला ठेवून पेस्टल हाती घेतले. 1775 सालच्या त्यांच्या आत्मचित्रात डोळ्यांवर सावलीसाठी झडप बांधलेली दिसते आणि चेहऱ्यावर निरनिराळ्या रंगांच्या रेघा सुट्या राहिलेल्या दिसतात. जवळून त्या नुसत्या रेघा असतात, पण 4 पावले मागे गेले की त्यांची त्वचा होते. मोबाइलवर त्याची प्रतिमा मोठी करून मुलांना अवश्य दाखवा.

साताऱ्याच्या मुलांना मी अजिंक्यतारा आणि मागच्या डोंगररांगा अशा काढायला शिकवत असे. रद्दी कागद हाताने वेडावाकडा फाडायचा, त्या फाटलेल्या कडेवर निळा खडू जाड लावायचा, कागद चित्रावर ठेवून बोटाने रंग कडेवरून वर ढकलायचा आणि कागद उचलायचा. खाली कापल्यासारखी ठळक आणि वर धुक्यात विरणारी रांग तयार होते. पुढची रांग थोडी खाली घ्यायची आणि रंग अधिक गडद. वाई-महाबळेश्वरच्या बाजूचे पावसाळ्यातले डोंगर अगदी असेच दिसतात. इथे बोटाचा वापर योग्य, कारण धुके खरोखरच मऊ असते.

आराखडा पेन्सिलीने काढू नये. शिशाच्या गुळगुळीत रेघेवर खडू नीट धरत नाही आणि ती रेघ चमकत राहते. फिकट कांडीनेच आराखडा काढावा. काम वरून खाली करावे, म्हणजे तळहात रंगावर फिरत नाही. गडद आधी, फिकट नंतर आणि पांढरा सर्वांत शेवटी, तोही मोजून. पांढरा किती कमी लागतो हे समजण्यासाठी मुलांना एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला न्या. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात तैलचित्रांसमोर उभे करून प्रत्येक चित्रातली सर्वांत उजळ जागा शोधायला सांगा. माध्यम निराळे असले तरी ती जागा बहुधा तांदळाच्या दाण्याएवढीच निघते.

मळलेल्या कांड्या डब्यात मूठभर कोरडे तांदूळ घालून हलवल्या की स्वच्छ होतात. ते तांदूळ मात्र पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत.

उत्तर : दोन मुलांची आई (कऱ्हाड)

सरांनी तंत्राविषयी सांगितलेच आहे, मी केवळ भुकटीविषयी लिहिते, कारण माझ्या धाकट्यालाही दमा आहे. चित्रावर फुंकर मारू द्यायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून काटेकोरपणे पाळावा. मुले नकळत फुंकतात आणि पुढच्याच श्वासात तीच धूळ आत घेतात. फळा टेबलावर सपाट न ठेवता भिंतीला टेकवून उभा ठेवावा आणि खालच्या कडेला वर्तमानपत्राची पन्हळीसारखी घडी लावावी, म्हणजे भुकटी तिथे जमते. पंखा बंद आणि खिडक्या उघड्या असाव्यात. वर्ग संपल्यावर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने फरशी पुसावी आणि हात धुतल्याशिवाय डबे उघडू देऊ नयेत. पेटीवर लहान मुलांसाठी सुरक्षित असल्याचा उल्लेख आहे की नाही, तेही पाहून घ्यावे.

आमच्याकडे डॉक्टरांना विचारून असे ठरले, की त्याने कांडीने रंग लावायचा आणि लगेच ओल्या ब्रशने तो पसरायचा. पाणी लागताच भुकटी उडायची थांबते आणि जलरंगासारखा थर बसतो. आपल्या विद्यार्थ्याच्या पालकांशी बोलूनच हे करावे, आणि तो तेलखडूच वापरणार असेल तर त्याला वेगळे पाडल्यासारखे वाटू नये म्हणून आणखी 2 मुलांनाही त्या दिवशी तेलखडू द्यावेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : हळदपेठ (सांगली)

आपणा दोघांचेही मनापासून आभार. काल खाकी कागदावर केवळ पट्ट्यांचा वर्ग घेतला. "चित्र कधी काढायचं?" हा प्रश्न पहिल्या 10 मिनिटांत 4 वेळा आला, पण भिंग हातात पडल्यावर खरोखरच शांतता पसरली. त्या मुलीने शेवटी न सांगता कोपऱ्यात हळदीचा लहानसा ढीग काढला. तांबूस, तपकिरी आणि कडेला जांभळ्याची एक रेघ, बोट कुठेही लावलेले नाही. तो ढीग पिवळाच राहिला. तिला तो कागद घरी न्यायचा आहे, तेव्हा असे चित्र टिकवावे कसे, एवढे कुणी सांगू शकेल का?

उत्तर : फ्रेमवाला (मिरज)

चित्राची गुंडाळी करू नये. त्यावर बटर पेपर ठेवून, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट धरून न्यावे. बटर पेपर एकदा ठेवला की सरकवू नये. फिक्सेटिव्हचा, म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, फवारा मोठ्या माणसाने उघड्या गच्चीवर, हातभर अंतरावरून, अगदी विरळ मारावा. त्याने फिकट रंग थोडे काळवंडतात, म्हणून पांढऱ्याचे शेवटचे ठिपके फवाऱ्यानंतर द्यावेत. केसांचा स्प्रे मारण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण पुढे कागद पिवळा पडण्याची भीती असल्याने जपायच्या चित्रावर तो वापरू नये.

फ्रेम करायची झाल्यास काचेच्या आत जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून घ्यावा, म्हणजे काच आणि रंग यांच्यात फट राहते. काच थेट टेकली तर भुकटी तिला चिकटते. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने या चित्रांवर बुरशीही लवकर धरते, त्यामुळे फ्रेम ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर लावावी.