समुद्राकडचं कुंपण : खांब कुठले?

सचिव : नमस्कार मंडळी. दोन कोटेशनं आलीत. एक जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) खांब आणि चेनलिंक जाळी, दुसरं डब्ल्यूपीसीचे (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचे) खांब आणि फळ्या. रविवारच्या मीटिंगआधी मतं कळवा.

बी-२०४ : डब्ल्यूपीसीच घ्या. आपल्याकडे लोखंड टिकतंय कुठे? मागच्या गेटची बिजागरी दोन पावसाळ्यांत हातात आली.

ए-१०१ (नाना) : त्या बिजागरीला जस्त नव्हतंच, नुसता चंदेरी रंग होता.

सचिव : नाना, तुमचा जन्म फॅब्रिकेशनमध्ये गेला. जरा सविस्तर लिहा.

नाना : टाइप करायचा कंटाळा, पण लिहितो. 'जीआय'च्या नावाखाली दोन जाती विकतात. एक, पत्र्याला आधी जस्त लावून मग वळवलेला पाइप. त्यावरचं जस्त १२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम, तेही दोन्ही बाजू मिळून; म्हणजे एका अंगाला जेमतेम ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसरी हॉट डिप. भोकं, वेल्डिंग सगळं उरकून खांब वितळलेल्या जस्तात बुडवायचा. ५ मिमी अँगलला आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे ८५ मायक्रॉन. अगदी किनाऱ्याला जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. करा हिशोब.

ए-३०२ : आपल्या कोटेशनमध्ये कुठली जात आहे?

सचिव : नुसतं 'जीआय' लिहिलंय 🙈

बी-२०४ : मग डब्ल्यूपीसी! गंजाची कटकटच नको.

नाना : आणि वाऱ्याचं काय? निसर्ग वादळ आठवा, ३ जून २०२०. ताशी १२० किमी वारा चौरस मीटरला ६८ किलोच्या आसपास रेटा देतो. दोन खांबांमधला दोन मीटरचा गाळा, दीड मीटर उंच फळ्या, म्हणजे एका गाळ्यावर २०० किलो. जाळीतून वारा निघून जातो. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, उन्हात नरम पडतं. म्हणून पुष्कळ खांबांच्या पोटात लोखंडी नळी घालतात, आणि ती आतल्या आत गंजली तरी कळत नाही.

सी-१०३ : माझ्या भावाकडे देवगडला एफआरपीचे (काचेचे धागे घातलेल्या प्लास्टिकचे) खांब आहेत. गंज नाही, पण उन्हाने वरचा थर उडालाय, हात लावला की काचेची कुसं टोचतात. पोरं कुंपणावर चढायची थांबली, तेवढा फायदा 😄

बी-२०४ : नाना, सगळ्यांतच खोट. घ्यायचं काय ते सांगा.

नाना : ५ मिमी अँगल, हॉट डिप, नटबोल्टसुद्धा. इथे येऊन वेल्डिंग अजिबात नाही, तिथलं जस्त जळतं. आणि खांब मरतो तो जमिनीलगत. आपले जुने बघा, वर धडधाकट, खाली वीतभर खाल्लेले. काँक्रीटला वाटी पडली होती, त्यात पाणी राहायचं. या वेळी बाहेर उतार काढून घ्या.

सचिव : नवीन कोटेशन मागवतो, मायक्रॉन लिहून.

सी-१०३ : जाळीवर कृष्णकमळ चढवायचं का? छान दिसेल.

नाना : वहिनी, वेल दाटली की जाळीची भिंत होते. पुन्हा तेच २०० किलो. गेटजवळ एक लावा हवी तर.