केमोथेरपीत तोंडाची चव बिघडल्यास पूरक उपचारांचा कितपत उपयोग होतो?

प्रश्न:
आईची केमोथेरपी सुरू आहे. दुसऱ्या सायकलपासून तिला प्रत्येक घास, अगदी पाणीसुद्धा, धातूसारखे लागते. त्यामुळे तिचे जेवण तुटले असून वजनही उतरत आहे. परिचितांनी झिंकच्या गोळ्या, अ‍ॅक्युपंक्चर आणि सोड्याच्या गुळण्या सुचवल्या आहेत. यांपैकी कशाला खरा आधार आहे?

प्रतिसाद 1:
गुळण्यांपासून सुरुवात करावी. त्यांत धोका जवळजवळ नाही. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून जेवणापूर्वी चूळ भरावी, पाणी गिळू नये. अल्कोहोलयुक्त माउथवॉश टाळावा, कारण त्याने तोंड आणखी कोरडे पडते. धातूच्या चमच्याऐवजी लाकडी चमचा वापरून पाहावा. गरम अन्नाचा वास जास्त पसरतो आणि चवीचा मोठा भाग वासावरच अवलंबून असल्याने अनेकांना निवलेले किंवा गार अन्न सोसते. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध सुरू असेल, तर गार पदार्थांनी घशात व हातापायांत त्रास होऊ शकतो, म्हणून आधी औषधाचे नाव तपासावे.

प्रतिसाद 2:
झिंकविषयी थोडे सविस्तर लिहितो. शरीरात झिंक कमी पडल्यास चव मंदावते, हे खरे आहे. परंतु केमोथेरपीत मूळ कारण बहुधा वेगळे असते. चव ओळखणाऱ्या पेशी साधारण दहा दिवसांनी नव्याने तयार होतात आणि वेगाने विभागणाऱ्या पेशींवरच ही औषधे घाव घालतात. झिंकच्या चाचण्यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. दीर्घकाळ जास्त मात्रा घेतल्यास तांब्याची कमतरता होऊन रक्तपेशी घटू शकतात, आणि केमोथेरपीत रक्तपेशी आधीच कमी असतात. म्हणून तपासणीत कमतरता आढळली तरच, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, गोळी घ्यावी. अ‍ॅक्युपंक्चरवरील अभ्यास लहान आहेत. प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना सुया टोचून घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. गुळण्या सुरू केल्या आहेत. चूळ भरताना तिच्या जिभेवर पांढरा थर दिसला. तोही औषधाचाच परिणाम असेल का?

प्रतिसाद 2:
ताई, तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यानेही चव बिघडते, पण त्यावर नेमके औषध आहे. पुढच्या सायकलची वाट न पाहता डॉक्टरांना तोंड दाखवा आणि ताप असल्यास लगेच कळवा.