'फिफ्टीन मिनिट्स' पाहिला कोणी? खून दाखवणाऱ्या टीव्हीवर चिडलेला सिनेमा स्वतः तेच काहून करतो?

पऱ्हाटी (राळेगाव तालुका, यवतमाळ)

सिनेमा जुना आहे, 2001 चा. रॉबर्ट डी नीरो आणि एडवर्ड बर्न्स. लेखक-दिग्दर्शक जॉन हर्झफेल्ड. माझ्या लहान भावाने मोबाइलवर लावून दिला. म्हणे, "ताई, तू टीव्हीवाल्याइवर चिडतं ना नेहमी, मंग हा पाय." शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पुढे वाचू नका.

एमिल चेक, ओलेग रशियन. चोरीतला आपला वाटा मागायला दोघे न्यूयॉर्कला उतरतात. साथीदाराने पैसा केव्हाच उडवलेला असतो. एमिल त्याला आणि त्याच्या बायकोला चाकूने मारतो आणि पुरावा राहू नये म्हणून घर पेटवून देतो. ओलेगला सिनेमे करायचं वेड. त्याने रस्त्यात एक कॅमेरा चोरलेला असतो, त्यात तो हे सगळं टिपतो. हॉटेलात नाव विचारलं तर फ्रँक काप्रा सांगतो, इतका त्या दिग्दर्शकाचा भक्त. मग एमिल टीव्हीवरचे कार्यक्रम पाहतो आणि त्याच्या लक्षात येतं की इथे कोणीच कशाचा दोष स्वतःकडे घेत नाही. मोठ्या माणसाला मारायचं, मी वेडा आहे म्हणायचं आणि वर त्याची टेप विकायची. तो मोठा माणूस म्हणजे डी नीरो, टीव्हीवर गाजलेला डिटेक्टिव्ह एडी फ्लेमिंग. 'टॉप स्टोरी' नावाच्या टीव्ही कार्यक्रमाचा निवेदक हॉकिन्स दहा लाख डॉलर मोजून ती टेप विकत घेतो आणि दाखवतो.

पहिला तासभर मी मोबाइल खाली ठेवला नाही. एडीलाही कॅमेरा आवडतो, हे मला खरं वाटलं. पोलीस आणि टीव्हीवाले एकमेकांना धरून असतात, तपासाला निघताना चॅनलवाला सोबत असतो, हे तर आपणही पाहतो. वाटलं, हा माणूस काही तरी सांगणार आहे.

मग एडीचा खून येतो. प्रेयसीला मागणी कशी घालायची याचा सराव करणारा माणूस, त्याला त्याच्याच घरात खुर्चीला बांधतात. आणि सिनेमा तिथून हलतच नाही. चाकू, तोंडावर दाबलेली उशी, तडफड, सगळं दाखवतो. थोड्या वेळाने हॉकिन्स तेच टीव्हीवर लावतो, तेव्हा आपण संतापावं अशी दिग्दर्शकाची अपेक्षा आहे. पण मला तर त्यानेच आधी दाखवलं होतं, चांगल्या जागेवर बसवून! हॉकिन्सने पैशासाठी दाखवलं. मग तुम्ही कशासाठी दाखवलं? तिकिटाच्या पैशासाठीच ना? त्यानंतर सिनेमाने विचार करणंच सोडलं. वकील, धावपळ, गोळीबार, शेवटी आगीचा तपास करणारा बर्न्स हॉकिन्सच्या तोंडावर ठोसा मारतो आणि झालं. इतक्या मोठ्या प्रश्नाला ठोसा हे उत्तर?

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. पहिल्यांदा मेलेलं ते जोडपं. त्यांचं कोणी आईबाप, भाऊबहीण पडद्यावर येतच नाही. ज्यांना प्रसिद्धी पाहिजे त्यांच्यावर पूर्ण दोन तास, आणि ज्यांनी मागितली नव्हती त्यांच्यावर काहीच नाही.

हे मी पुस्तकी बोलत नाही. 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ते तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, औषध अंगावरच यायचं. आमच्या गल्लीतला एक बापमाणूस त्यात गेला. तेरवीही झाली नव्हती आणि एका चॅनलची गाडी आली. पोरगं सहावी-सातवीत असेल, ओसरीत बसलं होतं. गाडीतल्या बाईने विचारलं, तो पंप कुठे आहे? गोठ्यात होता. पोराने आणला. मग म्हणाली, बेटा, पाठीवर घे जरा. पट्टा मोठा होता, बापाच्या मापाचा. पंप पोराच्या कमरेखाली लोंबायला लागला, तर कॅमेरावाल्याने पट्ट्याला मागून गाठ मारली आणि त्याला उन्हाकडे तोंड करून उभं केलं. घरात त्याची माय होती, तिला कोणी विचारलंही नाही. मी आणि बाजूच्या काकू मध्ये गेलो, तेवढ्यात त्यांचं काम झालं होतं. बातमीत बापाचं नाव चुकीचं लागलं. पोरगं पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचं, आपण परत दिसतो का म्हणून. शाळेत पोरं त्याला टीव्हीवाला म्हणायची, आणि सुरुवातीला त्याला ते आवडायचं. हे आवडणं मी पाहिलं आहे. प्रसिद्धीची चटक बारा वर्षांच्या लेकराला दुःखातसुद्धा कशी लागते, हे त्या सिनेमात कुठेच नाही, आणि मला तेच पाहायचं होतं.

तर विचारायचं हे, की सिनेमाच कच्चा आहे, की हे सगळं जवळून पाहिल्यामुळे मला तो खोटा वाटतो? आणि हा विषय कोणी नीट हाताळला असेल तर नाव सांगा.

टुरिंगवाला (वणी)

ताई, सिनेमाच कच्चा हाय. मी जत्रेत टुरिंगच्या तंबूत मशीन चालवाचो, नंतर गावोगाव व्हिडिओ नेला. पब्लिक कवा उठते हे मले पडद्याकडं न पायता समजते. ह्या सिनेमात डी नीरो अर्ध्यातच मरते. पोस्टरवर त्याचं तोंड, पब्लिक त्याच्यासाठी आलेली. हिरोले मध्येच माराचं असन तर उरलेल्या माणसात तेवढा जीव पाहिजे. बर्न्स आगीचा तपास करनारा सरळ मानूस, पन त्याले स्वतःचं असं काही देलंच नाई. दुसरा अर्धा भाग रिकाम्या बंडीवानी खडखडते.

ओलेगवाला नट, ओलेग ताक्तारोव्ह, हा खरा पैलवान बरं का, पिंजऱ्यातल्या मारामारीत नाव कमावलेला. पन कॅमेरा हातात घेतला की त्याच्या डोळ्यात पोरासारखा आनंद दिसते. सिनेमा त्याच्याच मागं गेला असता तर काही हाती लागलं असतं. कारन तुम्ही सांगतलेलं पंपवालं पोरगं आन तो, दोघाइले कॅमेऱ्याची भुलच पडली ना.

नाव विचारलं म्हनून सांगतो. बिली वाइल्डरचा 'एस इन द होल', 1951 चा, काळापांढरा. न्यू मेक्सिकोत एक मानूस गुहेत दबून पडते, आन पेपरवाला त्याले लवकर बाहेर काढू देत नाई, कारन बातमी मोठी कराची असते. बाहेर जत्रा भरते, पाळने लागतात, आत जायचे पैसे वाढत जातात. अंगावर काटा येते. आन त्या दबलेल्या मानसाची बायको, मायबाप, सारे दिसतात. तुमाले जे पाहिजे ते त्यात हाय.

कोर्टकचेरी (पुसद)

मी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. सिनेमाचा सगळा डोलारा ज्या बेतावर उभा आहे तोच मला पटला नाही. एमिलचं म्हणणं असं, की वेडा म्हणून सुटायचं, रुग्णालयात जायचं, मग मी बरा आहे म्हणून बाहेर यायचं, आणि एकाच गुन्ह्याचा खटला दोनदा चालत नाही म्हणून मोकळं व्हायचं. ऐकायला चपखल वाटतं. पण बाहेर केव्हा यायचं ते आरोपी ठरवत नसतो. 1981 मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळी झाडणारा जॉन हिंक्ली 1982 मध्ये वेडेपणाच्या कारणावर निर्दोष ठरला, आणि रुग्णालयातून कायमचा बाहेर राहायला त्याला 2016 उजाडलं. तोही एका नटीच्या नजरेत भरावं म्हणून बंदूक घेऊन गेला होता. म्हणजे खरी गोष्ट सिनेमापेक्षा भारी आहे.

कहाणी विकण्याचा भाग मात्र हवेतला नाही. गुन्हेगाराने आपल्या गुन्ह्याच्या कथेवर पैसा कमावू नये म्हणून न्यूयॉर्क राज्याने 1977 मध्येच कायदा केला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला, मग राज्याने तो नव्याने लिहिला. किती कसदार विषय होता हा! दिग्दर्शकाने तो पाठलागात घालवला.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम 20(2) दुहेरी शिक्षेपासून संरक्षण देतं, आणि वेडेपणाचा बचाव पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. वेडा म्हणून सुटलेल्यालाही न्यायालय सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं. टीव्हीबद्दल म्हणाल तर 26/11 च्या हल्ल्यात वाहिन्यांनी कारवाई थेट दाखवली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाब निकालात कडक शब्दांत टीका केली. त्या निकालातला तेवढा भाग जरी वाचला, ताई, तरी तुमचा राग किती योग्य आहे ते कळेल.

डाटासंपला (दिग्रस)

मी थोडं वेगळं बोलतो, ताई रागावू नका. मी 2001 मध्ये पाळण्यात होतो, सिनेमा गेल्या महिन्यात पाहिला. मला तो कच्चा नाही, शिळा वाटला, आणि शिळा वाटला कारण तो खरा ठरला. 2019 च्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला मशिदीत गोळीबार करणाऱ्याने डोक्याला कॅमेरा लावून तो थेट फेसबुकवर दाखवला. कोणता हॉकिन्स नाही, दहा लाख डॉलर नाहीत. एमिलला टेप विकायला दलाल लागत होता, आता तोही लागत नाही. आमच्या गावच्या ग्रुपवर अपघाताचा व्हिडिओ पोलिसांच्या आधी येतो. त्यामुळे तो सिनेमा ज्याने धक्का द्यायला पाहतो, त्याचं आम्हाला काही वाटतच नाही. हा दोष सिनेमाचा की आमचा?

खून दाखवला नसता तर आपल्याला त्याचं वजन कळलं असतं का, हाही प्रश्न आहे. मला एडीच्या मरणाचं खरंच वाईट वाटलं. तेवढं तरी दिग्दर्शकाला द्या.

सागवान (पांढरकवडा)

पऱ्हाटी ताई, तुम्ही राळेगावच्या म्हणून लिहावंसं वाटलं. अवनी वाघिणीचे दिवस आठवा. 2018 च्या 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या शिवारात तिला गोळी घातली आणि देशभर तिचं नाव झालं. शिकारी कोण, परवानगी होती की नव्हती, बेशुद्धीचं इंजेक्शन आधी मारलं की नंतर, रोज चर्चा. त्या चर्चेला माझा विरोध नाही, ती व्हायलाच पाहिजे होती. पण तिने मारली असं म्हणतात त्या 13 माणसांपैकी एकाचं नाव कोणत्या निवेदकाने घेतलेलं तुम्ही ऐकलं? गुराखी होते, वावरात गेलेली माणसं होती. सिनेमातल्या जोडप्याचं तुम्ही लिहिलं तेव्हा मला तेच आठवलं.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. टुरिंगवाले भाऊ, ओलेगचं तुमचं म्हणणं एकदम बरोबर. मी पोराबद्दल लिहिताना त्याचा विचारच केला नव्हता, आणि आता तो डोक्यातून जात नाही.

डाटासंपला, रागावू कशाला बाळा. पण वाईट वाटायला चाकू दिसावा लागतो, हे मला मान्य नाही. एडी आरशासमोर मागणी घालायचा सराव करतो तिथेच मला त्याच्याबद्दल माया वाटली होती, तिथून दार बंद केलं असतं आणि बाहेर त्याच्या प्रेयसीला फोनची वाट पाहताना दाखवलं असतं, तर मी रात्रभर झोपले नसते. हिंसा दाखवायचीच नाही असं मी म्हणत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याच्या ओसरीत उभं राहून दाखवा, मारणाऱ्याच्या खांद्यावर बसून नको. आणि ग्रुपवर अपघाताचा व्हिडिओ आला तर निदान तू तरी पुढे पाठवू नको. त्या माणसाच्या घरी अजून निरोप गेलेला नसतो.

सागवान भाऊ, त्यातल्या एकाची बायको माझ्या माहेरच्या गावची आहे. ती भेटली की मी वाघिणीचं बोलत नाही, तिच्या पोरीच्या बारावीचं विचारते. तुम्ही नावांचं लिहिलं ते मी तिला वाचून दाखवणार आहे.

वकील साहेब, कसाब निकालातला तो भाग मराठीत कुठे वाचायला मिळेल? इंग्रजी असला तरी चालेल, भाऊ वाचून सांगतो. तो आता वाइल्डरचा सिनेमा शोधतो आहे. रविवारी लाईन राहिली तर पाहू, आणि त्या पोरालाही बोलावणार आहे. तो आता मोठा झाला, यवतमाळला आयटीआय करतो.

टुरिंगवाला (वणी)

पोराले बोलवा, पन त्याले आधी गोष्ट सांगून ठेवा ताई. गुहेतल्या मानसाचा बाप दिसते, तो भाग मलेच पायवला नाई.

कोर्टकचेरी (पुसद)

अधिकृत निकाल इंग्रजीतच आहे. माध्यमांवरचा भाग काही पानांचाच आहे. तेवढ्याचा मी मराठीत गोषवारा करून पुढच्या आठवड्यात इथेच टाकतो.

पऱ्हाटी

टाका साहेब, वाट पाहते.