शनिवारची कोजागिरी पाजूला करायची की जागा बदलायची? उद्या रात्री १० पर्यंत कळवा

प्रेषक: सचिव
मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

आज उत्तर कोरियाने सीमेवरचे रस्ते उडवले, त्या बातमीवर दुपारपासून एकोणीस फोन झाले, सगळ्यांचा प्रश्न एकच: सीमेजवळच्या पाजूला जायचं का? पाजूतल्या उनजॉन्गचं क्लबहाउस उद्या रात्री बाराच्या आत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात, नंतर एक वॉनही नाही. माईंनी ते स्वतःच्या नावावर घेतलंय, म्हणजे फटका त्यांना बसेल. तेव्हा उद्या रात्री दहापर्यंत येणार, नाही येणार की जागा बदला, यातलं एक लिहा. ५८ नावं आली आहेत. त्यात भारतातून आलेले आईवडील ११ आणि मुलं १४. तीस लिटर दूध सांगून ठेवलंय, ते मी अजून थांबवलेलं नाही.

प्रेषक: अण्णा, सुवॉन
बुधवार, १६ ऑक्टोबर, सकाळी ७.२५

माझं मत स्पष्ट आहे, जागा बदला. काल दुपारी उत्तरेने त्यांच्या कॅसाँग शहराकडे जाणारा रस्ता सुरुंग लावून उडवला. तो रस्ता निघतो पाजूतूनच. पूर्व किनाऱ्यावरचाही उडवला. इथल्या सैन्याने सीमारेषेच्या अलीकडे इशाऱ्याचा गोळीबार केला. आणि आता ग्योंगी प्रांताने पाजू, किंपो, यॉनचॉन या तिन्हींकडे धोकाक्षेत्र जाहीर केलंय. सरकार स्वतः धोका म्हणतंय तिथे आपण चौदा मुलं घेऊन जायचं? माझी आई सोलापूरहून रात्री दोनदा फोन करून रडली. तिला काय सांगू?

गणपतीच्या वेळी ऐनवेळी हॉल हातचा गेला तेव्हा सुवॉनचा हॉल मीच मिळवून दिला होता. आजही मिळेल, पण दुपारच्या आत सांगा.

प्रेषक: इल्सानहून
बुधवार, सकाळी ८.०२

अण्णा, धोकाक्षेत्राची बातमी पुरती वाचा, म्हणजे आईंनाही सांगता येईल. ते क्षेत्र रहिवाशांसाठी किंवा पाहुण्यांसाठी नाही. काही संघटना इथून फुग्यांना पत्रकं बांधून उत्तरेकडे सोडतात. ती पत्रकं गेली की तिकडून उत्तर येतं, म्हणून पत्रकवाल्यांना सामान घेऊन तिथे शिरता येऊ नये, आले तर पोलिसांना अडवता यावं, यासाठी प्रांताने ठरावीक अकरा जागा नेमल्या आहेत. म्हणजे हे पाऊल धोका कमी करायला उचललेलं आहे. भारतातल्या चॅनेलवर त्यातले फक्त दोन शब्द पोचले, पाजू आणि धोका.

तिकडून येणारं उत्तर मी स्वतः पाहिलंय. २८ मेपासून ते कचऱ्याचे फुगे सोडताहेत. जूनमध्ये एक आमच्या इमारतीमागच्या सायकल स्टँडवर पडला. पांढरं रबर, खाली फाटलेली पिशवी, कागदाचे कपटे, सिगारेटची थोटकं, कापडाच्या चिंध्या. वॉचमन आजोबांनी पोरांना लांब थांबवलं आणि स्वतः दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले, सैनिक येईपर्यंत. पाऊण तास. सत्तरीचा माणूस! मला त्या फुग्यापेक्षा ते हात आठवतात.

मी येणार, चौघं.

प्रेषक: बुंदांगच्या वहिनी
बुधवार, सकाळी ८.४०

फुगा दिसला तर हात लावू नका, १३३८ ला फोन करा. तो सैन्याचा नंबर आहे. कोरियन येत नसेल तर ११२. हे मी जूनमध्येही लिहिलं होतं.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, सकाळी १०.१५

दोन गोष्टी. एक, हॉल कुठला आणि किती पैशांचा हे कार्यकारिणी ठरवते, लिस्टवर मतं देऊन ठरत नाही. अण्णांनी परस्पर कुणाला शब्द देऊ नये, ही कळकळीची विनंती. दोन, उनजॉन्ग ते सुवॉन लोकलने दोन तास सहज जातात. इल्सान आणि पाजूच्या सात कुटुंबांना लहान मुलं घेऊन रात्री अकरानंतर परतावं लागेल. इतकी वर्षं ते सुवॉनला येतात, एकदाही तक्रार नाही. त्यांच्याकडे आपण पहिल्यांदा जाणार होतो.

प्रेषक: अण्णा, सुवॉन
बुधवार, सकाळी १०.३१

परस्पर शब्द दिलेला नाही. विचारून ठेवलंय. ऐनवेळी धावपळ मलाच करावी लागते म्हणून.

प्रेषक: माई, उनजॉन्ग
बुधवार, दुपारी १.२०

सकाळपासून सगळं वाचते आहे. जेवायच्या सुट्टीत लिहायला बसले.

आम्ही इथे नऊ वर्षं राहतो. माझा धाकटा इथेच जन्मला. ओदुसानच्या टेकडीवर गेलं की नदीपलीकडे उत्तरेतली शेतं आणि घरं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुलांची शाळेची सहल तिथे जाते. 'धोका आहे तिथे कशाला जायचं' असं तुम्ही लिहिता तेव्हा तिथे कुणीतरी राहतं, रोज शाळेचा डबा भरतं, हे लक्षात ठेवा. आम्हाला तुमच्याकडे या, असं कुणी म्हणालं नाही. शनिवारी तुम्ही आमच्याकडे येणं तेवढं धोक्याचं!

आणि अंतराचं म्हणाल तर सीमेपासून सोल पन्नास किलोमीटरच्या आत आहे. त्यांच्या लांब पल्ल्याच्या तोफा आणि रॉकेटं तिथवर पोचतात, हे सगळं जग जाणतं. राजधानीच्या पट्ट्यात देशातली निम्मी माणसं राहतात. जुलैत फुगा पडला तो योंगसानला, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या आवारात. पाजू सोडून सुवॉनला गेलात तर मनाला बरं वाटेल, ते मी समजू शकते. पण सुरक्षित झालो असं मुलांना सांगू नका.

मला घाबरणाऱ्यांचा राग नाही. मीही घाबरते. यंदाचं वर्ष वेगळं आहे हे इथल्या बायकाही बोलतात. जानेवारीत तिकडच्या नेत्याने एकीकरणाचं ध्येयच सोडून दिलं, दक्षिणेला मुख्य शत्रू म्हटलं. जूनमध्ये इकडच्या सरकारने उत्तरेशी झालेला २०१८ चा लष्करी करार पूर्ण स्थगित केला. उत्तरेला ऐकवायचे सीमेवरचे प्रचाराचे भोंगे पुन्हा सुरू झाले. उत्तरेने मग कर्कश आवाज सोडायला सुरुवात केली. सीमेलगतच्या गांगह्वा बेटावर माझी मैत्रीण आहे. तिच्याकडे रात्री ते आवाज येतात, लांडग्यांसारखे, कधी लोखंड घासल्यासारखे. तिची मुलगी कानावर उशी धरून झोपते.

काल संध्याकाळची गोष्ट सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर एक हालमोनी, म्हणजे आजी, राहतात, ऐंशीच्या पुढच्या. पार्किंगच्या कडेला चटईवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी दूध घेऊन येत होते. त्यांच्या मांडीवर फोन, त्यात स्फोटाची तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा चालू होती. रस्त्यावरून धूर उठतो आणि मातीचा भिंतीएवढा लोट वर जातो. त्या मला म्हणाल्या, "हा आमच्या गावाचा रस्ता." त्यांचं माहेर कॅसाँगचं. कोरियन युद्धाआधी कॅसाँग दक्षिणेत होतं. लढाईत त्या आईच्या पाठीवर बसून इकडे आल्या, १९५३ ला रेषा ठरली आणि गाव पलीकडे राहिलं. दोन हजार सालानंतर तो रस्ता आणि रेल्वे पुन्हा जोडली, तेव्हा त्यांना वाटलं होतं एकदा जाऊन यावं. त्यातलं सामान दक्षिणेनेच कर्जाने दिलं होतं, तेरा कोटी डॉलरच्या वर. आता तो रस्ताही नाही. एवढं बोलून त्या मिरच्या परतायला लागल्या. मी अर्धा तास त्यांच्याजवळ बसून मिरच्या परतल्या. दोघीही काही बोललो नाही.

त्यांना मी शनिवारी दूध प्यायला बोलावलंय. तुम्ही आलात नाहीत तरी त्या येणार आहेत.

प्रेषक: मापोहून (रियाची आई)
बुधवार, दुपारी २.०५

माई, मी येते, नवरा आणि रियाही. पण एक गोष्ट कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. संकट आलंच तर आपल्याला कळणार कसं?

३१ मे २०२३ आठवतंय ना? उत्तरेने उपग्रह सोडला ती सकाळ. रिया सात महिन्यांची, नवरा कामासाठी बुसानला. सहा बत्तीसला भोंगा वाजला. सहा एक्केचाळीसला फोन किंचाळला. पडद्यावर कोरियन अक्षरं, मला त्यातलं एक वाक्य लागेना. भाषांतर टाकलं तर म्हणे बाहेर पडायची तयारी करा, लहान मुलं आणि वृद्धांना आधी जाऊ द्या. कशासाठी? कुठे? त्यात काही नव्हतं. मी रियाला पोटाशी बांधलं, पासपोर्ट, दुधाची पावडर आणि थर्मास घेतला आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. एका पायात चप्पल, एका पायात बूट. खाली आणखी तीन बायका होत्या. सात वाजून तीन मिनिटांनी दुसरा निरोप आला, पहिला चुकून गेला होता. ती बावीस मिनिटं मी अजून विसरलेले नाही. आणि आपल्या ग्रुपवर त्या वेळात कुणीतरी शुभ सकाळचं चित्र टाकलं होतं.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण सूचना आली की दोन मिनिटांत मराठीत सांगणारी दोन माणसं नेमा.

प्रेषक: इल्सानहून
बुधवार, दुपारी २.१८

मी एक. माझं कोरियन बरं आहे. परदेशी लोकांसाठी इंग्रजीत सूचना देणारं सरकारी ॲपही आहे, इमर्जन्सी रेडी. सगळ्यांनी आजच टाका.

प्रेषक: बुंदांगच्या वहिनी
बुधवार, दुपारी २.३०

फोनची साखळी २०१७ ला मी केली होती, त्या वर्षी अणुचाचणी झाली तेव्हा. यादी माझ्याकडे आहे. नवीन माणसं जोडायला हरकत नाही, पण यादी एकच ठेवा. दोन याद्या झाल्या की कुणीच फोन करत नाही. ज्यांना घराजवळचा देपिसो, म्हणजे संकटात आसरा घ्यायची जागा, माहीत नाही त्यांनी आज संध्याकाळी चालत जाऊन पाहा. मेट्रो स्टेशनवर आणि पार्किंगच्या दारावर पाटी असते. ऑगस्टच्या सरावात आमच्या इमारतीतून खाली उतरलेलं मराठी घर आमचं एकटंच होतं.

प्रेषक: नाना (लेकीच्या खात्यावरून)
बुधवार, दुपारी ४.४५

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी मंडळाचा सभासद नाही. गेल्या महिन्यात लेकीकडे आलो. लहान तोंडी मोठा घास वाटला तर सोडून द्या.

माझे वडील या सीमेवर होते. १९५३ च्या जुलैत युद्धविराम झाला, तह मात्र आजतागायत झालेला नाही. ज्या चिनी आणि उत्तर कोरियाच्या कैद्यांना परत जायचं नव्हतं, असे सुमारे बावीस हजार, त्यांना सांभाळायचं काम भारताने घेतलं. तिमय्यासाहेब त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष आणि आपल्या तुकडीचे प्रमुख शंकरराव थोरात, आमच्या कोल्हापूरकडचे, वडगावचे. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर राग. भारतीय सैनिकाचं पाऊल आमच्या भूमीला लागू देणार नाही म्हणाले. म्हणून इंचॉनच्या समुद्रात जहाजावरूनच हेलिकॉप्टरने उचलून सगळ्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. वडिलांनी हेलिकॉप्टर पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी त्यात बसले. छावणीचं नाव हिंदनगर.

ते सांगायचे, एकदा कैद्यांनी आपला एक अधिकारी कुंपणाच्या आत ओढला. बाहेर बंदुका रोखलेल्या. थोरातसाहेब आत गेले, बोलले आणि त्याला घेऊन बाहेर आले. वडील म्हणायचे, त्या दिवशी एक गोळी सुटली असती तर शेकडो मेले असते. शेवटी ८८ कैद्यांनी ना उत्तर मागितली ना दक्षिण, ते आपल्याबरोबर भारतात आले.

वडिलांचा एक फोटो माझ्याजवळ आहे. मागे तंबू, तारेचं कुंपण आणि बोडके डोंगर. ते डोंगर मला एकदा पाहायचे आहेत. शनिवारी जमायचं की नाही हे तुम्ही तरुण आईबापांनी ठरवावं, त्यात मी बोलणार नाही. मी माईंकडे जाणार आहे.

प्रेषक: अण्णा, सुवॉन
बुधवार, रात्री ८.५०

नाना, वाचलं. आईलाही फोनवर वाचून दाखवलं. तिचे मामा त्याच काळात फौजेत होते, तिला हिंदनगर हे नाव ठाऊक निघालं.

मी माझं मत मागे घेत नाही, काळजी खरी आहे. पण माईंच्या पत्रानंतर मला सुवॉनचा हॉल घेता येणार नाही. आम्ही तिघं येतो. अट एक. क्लबहाउसच्या खालचं पार्किंग देपिसो आहे का, दारं किती, हे माईंनी आधी कळवावं आणि मुलं आल्या आल्या त्यांना ती वाट दाखवावी.

प्रेषक: माई, उनजॉन्ग
बुधवार, रात्री ९.०५

आहे. दोन जिने, एक रॅम्प. मी स्वतः दाखवीन. या.

प्रेषक: सचिव
गुरुवार, १७ ऑक्टोबर, रात्री ९.३०

क्लबहाउस कायम. ४९ जण येणार, नऊ जणांनी नाही कळवलं. त्यांना कुणीही काही बोलू नये, ज्याची त्याची घरची परिस्थिती असते.

आज प्योंगयांगहून आलेली बातमी सगळ्यांनी पाहिली, त्यांच्या राज्यघटनेत दक्षिणेला शत्रुराष्ट्र म्हटल्याची. त्यावर पुन्हा फोन सुरू झाले. मी उद्या आणि परवा दुपारी भारतातल्या चॅनेलच्या बातम्यांवर नाही, इथल्या सरकारी सूचनांवर लक्ष ठेवेन. काही बदललं तर वहिनींच्या साखळीने कळेल. भाषांतराला इल्सानचे दादा आणि रियाचे बाबा.

पौर्णिमा उलटून गेल्याबद्दल तिघांनी लिहिलंय. सगळ्यांना सुट्टी शनिवारीच असते, चंद्र सातच्या सुमारास वर येईल. आत गॅस लावायला परवानगी नाही, तेव्हा इंडक्शनच्या तीन शेगड्या लागतील. दोन मिळाल्या, तिसरी कोण आणतंय? जायफळ आणि केशर वहिनी, चारोळी माझ्याकडे. मूळ ओळखपत्रं सगळ्यांनी जवळ ठेवा, आईवडिलांचे पासपोर्टसुद्धा.

नाना, रविवारी सकाळी नऊला माईंचे यजमान गाडी काढून तुम्हाला सीमेजवळच्या इमजिंगाकला नेतील. शनिवारी तो फोटो जरूर आणा. हालमोनींनाही दाखवायचाय.