‘कोल्हापुरात बाहेर खायला आहेच काय?’ म्हणणाऱ्याला उत्तर

मंगळवार पेठ
परवा ग्रुपवर एकाची पोस्ट वाचली. सात वर्षं पुण्यात काढून गडी परत आलाय आणि लिहितोय की कोल्हापुरात मिसळ आणि मटण सोडलं तर बाहेर खायला काही नाही. जुन्या खानावळी म्हणजे कळकट भिंती, स्टीलचं ताट आणि अंगावर खेकसणारा मालक. रील बघून महिन्यात आठ नवी हॉटेलं पालथी घातली म्हणे, आणि आता कुठं शहर सुधारतंय. दोन दिवस गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

भावा, त्या आठातल्या एका ठिकाणी मीपण जाऊन आलोय. नाव लिहीत नाही. धाकट्या मावशीचा साठावा वाढदिवस होता, आम्ही नऊ माणसं. रीलमध्ये पांढरा रस्सा वाटीत ओतताना असा काही दाखवला होता की पोरांनी हट्टच धरला. आला तो कोमट. पहिल्याच घोटाला बुळबुळीत लागला. आई काही बोलली नाही, वाटी फक्त बाजूला सारली. जेवण उरकेपर्यंत त्या वाटीत खळ बसली होती. पतंग चिकटवायला चालली असती. कॉर्नफ्लोअर घातलं होतं, दुसरं काय!

पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, तीळ-खसखस-काजूचं वाटण आणि नारळाचं दूध. दूध पडलं की आचेजवळून हलायचं नसतं, जोरात उकळला की फुटतो. तेवढं उभं राहायला नको म्हणून पीठ कालवायचं, आणि वर बिलात सेवा शुल्क लावायचं. काउंटरवरच्या पोरानं नंतर सांगितलं की रीलवाले पाच जण फुकट जेवून गेले होते. रीलमध्ये ते कुठं सांगितलंय? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं स्पष्ट सूचना काढल्यात. पैसे घेतले असोत की फुकट वस्तू, ‘जाहिरात’ म्हणून ठळक सांगायला पाहिजे.

मी नवीन ठिकाण शोधतो ते मटणवाल्याला विचारून. कोण रोज सकाळी ताजं नेतंय, कोण उधारी थकवतंय, कोण चरबीच जास्त मागतंय, सगळं त्याला ठाऊक असतं.

परत आलेला
ती पोस्ट माझी. दादा, तुमच्या मावशीच्या वाढदिवसाचं वाईट वाटलं, मनापासून. पण एका वाटीवरून सगळी नवी हॉटेलं फासावर देऊ नका. मला पित्ताचा त्रास आहे, बायको शाकाहारी. तिला घेऊन तुमच्या त्या खानावळीत गेलो तर काय मिळतं? त्याच रश्श्यात बुडवलेला फ्लॉवर, आणि मालक म्हणतो ‘तुकडे काढलेत की’. राजारामपुरीत एका नव्या ठिकाणी तिनं आयुष्यात पहिल्यांदा निवांत बसून वाफाळते मोमो खाल्ले. त्यात शहराचं काय वाटोळं झालं?

बावडा बॉय
मोमो खाऊन खूश झाला म्हणे! मला एक सांगा, ह्या नव्या हॉटेलांत मिसळीबरोबर बटर लावलेला पाव का देतात? कोल्हापूरची मिसळ ब्रेडबरोबरच खायची. स्लाइसनं कट शोषला पाहिजे. पाव रश्शात गोळा होतो, तोंडात नुसता मैदा. मी आत्तापर्यंत तीन ठिकाणी वाद घातलाय आणि तिन्ही ठिकाणी उठून आलोय.

बिल बघणारा
सेवा शुल्काचं सांगतो, कारण लोक अजून निमूट भरतात. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की ते आपोआप बिलात घालता येत नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. काढून टाका म्हणून सांगायचं, आवाज न चढवता. जीएसटी वेगळा, तो ५ टक्के.

ज्वारीची भाकरी
मंगळवार पेठ दादा, मटणवाल्याला विचारून शोधलेल्या तुमच्या ठिकाणी मी बसू शकते का, हे कधी विचारलंय का त्याला?

मी वैद्यकीय प्रतिनिधी आहे. दुपारी दोनला डॉक्टरांच्या भेटी आटोपतात, पोटात कावळे ओरडत असतात. एका जुन्या, नावाजलेल्या खानावळीत गेले. बाहेर सहा टेबलं रिकामी. पोरगा म्हणाला, ‘फॅमिली आत.’ म्हटलं, मी एकटीच आहे. ‘मग आतच.’ आत म्हणजे मोरीशेजारी प्लायवूडची खोली. पंखा बंद, वर हिरवा पडदा, टेबलावर आधीच्यांची लिंबाची सालं. दोनदा हाक मारली तेव्हा भाकरी आली, तीही गार. बाहेरच्या पुरुषांना तव्यावरची एकेक गरम वाढत होते, पडद्याच्या फटीतून दिसत होतं. रस्सा झकास होता, खोटं बोलणार नाही. पण मी पुन्हा गेले नाही.

त्यानंतर मीपण रील बघूनच जाते. रस्सा कसा आहे ते बघत नाही. मागच्या टेबलावर एकटी बाई बसलेली दिसते का, एवढंच बघते.

मंगळवार पेठ
ताई, फॅमिली रूम ही तुमच्या सोयीसाठीच असते. बाहेर दहा तऱ्हेची माणसं येतात.

ज्वारीची भाकरी
माझी सोय मला विचारून ठरवा. दहा तऱ्हेची माणसं येत असतील तर त्यांना आत बसवा.

खानावळवाला
मी बावीस वर्षं खानावळ चालवतो. फॅमिली रूम माझ्याकडंबी हाय. ती मी केली कारण बायकाच म्हणायच्या, भाऊ, आडोसा करा. रात्री पिऊन आलेला गिऱ्हाईक शेजारी बसला की लेकुरवाळी बाई उठून जायची. हे तुम्हाला रीलमध्ये दिसणार न्हाई. आणि नव्या हॉटेलांबद्दल सांगायचं तर माझ्याकडंबी तीन रीलवाले आले. चार ताटं फुकट आणि वर पैसे मागितले. न्हाई म्हटल्यावर एकानं लिहिलं, स्वच्छता न्हाई. माझं स्वयंपाकघर तीन बायका सांभाळतात, पहाटे पाचला चूल पेटते. मला झोप लागली न्हाई त्या रात्री.

परत आलेला
खानावळवाले काका, तुमच्याशी वाकडं वागले ते चूकच. पण ताईंच्या प्रश्नाला उत्तर कुठाय? आडोसा मागणाऱ्या बाईसाठी खोली ठेवा. न मागणारीला आत का ढकलायचं?

बावडा बॉय
विषय कुठल्या कुठं गेला. ब्रेड का पाव यावर कोणच बोलेना.

ज्वारीची भाकरी
विषय कुठंच गेलेला नाही. नवीन हॉटेल का शोधायचं, हाच विषय आहे. जुन्यात जागा नसते, म्हणून शोधायचं.

मंगळवार पेठ
म्हणजे आता आम्ही बायकांवर अन्याय करणारे ठरलो? माझी आई पन्नास वर्षं त्या आतल्या खोलीत बसून जेवली, कधी तक्रार केली नाही. एका गार भाकरीवरून अख्ख्या गावाची परंपरा मोडीत काढायला निघालात.

निवृत्त मास्तर
परंपरेचं नाव घेतलंस म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचतो. ह्या गावाची हॉटेलातली परंपरा कुठली, ते जरा आठव. दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढून दिलं, सत्यसुधारक नावाचं. लोक चहाला जाईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. राजाला चहाची तलफ आली होती म्हणून? कोण कुठं बसणार आणि कुणाच्या हातचं खाणार, हा प्रश्न या शहरानं शंभर वर्षांपूर्वी हॉटेलातच सोडवायला घेतला. आणि तू त्या पोरीला मोरीशेजारी बसवतोस आणि त्याला परंपरा म्हणतोस.

आईनं तक्रार केली नाही म्हणतोस. तिला कधी विचारलंस?

मंगळवार पेठ
मास्तर, दोन्ही गोष्टी एका मापात मोजू नका. जातीचं दुःख वेगळं.

निवृत्त मास्तर
वेगळं आहेच. पडदा मात्र ओळखीचा आहे.

बिल बघणारा
आवाज खाली करा सगळ्यांनी. पेठवाल्या दादांचं रीलबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ताईंचंही खरं आहे. एकाचं खरं ठरलं म्हणून दुसऱ्याचं खोटं होत नाही.

मंगळवार पेठ
कालपासून काही लिहिलं नाही, कारण आईला विचारलं. भाजी निवडत होती. म्हणाली, ‘आत उकडायचं फार. तुझे बाबा बाहेरून हाक मारायचे, झालं का गं, म्हणून मी कधी दुसरी भाकरी मागितली नाही.’ एवढंच बोलली आणि परत निवडायला लागली.

कॉर्नफ्लोअरचं मी मागं घेणार नाही. फुकट जेवून खोटं दाखवणाऱ्यांचंही नाही. खोलीचं मागं घेतो. ताई, तुम्हाला जे बोललो ते बोलायला नको होतं.

परत आलेला
मीही कळकट भिंतींबद्दल लिहिलं ते जास्त झालं. खानावळवाले काका, शाकाहारी माणसाला वेगळ्या पातेल्यात काही मिळेल का तुमच्याकडं? तुकडे काढलेलं नको.

खानावळवाला
अख्खा मसूर आणि झुणका वेगळ्या चुलीवर होतो. पातेलीबी वेगळी. आधी फोन केला तर वांगं भरून ठेवतो.

ज्वारीची भाकरी
काका, सोमवारी माझी फेरी शाहूपुरीतच आहे. दोनच्या सुमारास आले तर बाहेर बसवाल?

खानावळवाला
सोमवारी बंद असतंय ताई. बुधवारी या. दारातनं आत आलं की डाव्या हाताला खिडकीजवळ टेबल हाय, वारा येतो. पोराला सांगून ठेवलंय. भाकरी तव्यावरची मिळंल.

बावडा बॉय
मिसळ असती का तुमच्यात?