मदत हवी आहे : पद्मिनीचा फ्यूज सारखा उडतोय, सोमवारी आरटीओची तपासणी

मिरजकर_पी
गाडी प्रीमियर पद्मिनी. फ्यूज बदलला की थोडा वेळ सगळं चालतं, मग पुन्हा उडतो. इलेक्ट्रिशियनला दाखवली तर त्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, सगळं वायरिंगच नवीन टाका. गाडी वडिलांची आहे, अजून मूळ वायरिंगवर आहे, ते उचकटायची इच्छा नाही. सोमवारी नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओत न्यायची आहे. शॉर्ट नेमका कुठे आहे ते घरच्या घरी कसं शोधायचं? मल्टिमीटर आहे. लवकर सांगा प्लीज.

तारवाला_नाशिक
कोणता फ्यूज? तो गेल्यावर काय काय बंद पडतं? किल्ली फिरवल्या फिरवल्या उडतो की चालताना? गाडी कोणत्या सालची? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

अँबीवाले_काका
आधी अर्थिंग बघा. माझ्या जुन्या मार्क टू अँबॅसडरला पॉझिटिव्ह अर्थ होतं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. नव्या पोराने बॅटरी उलटी जोडली आणि अर्ध्या तासात सगळं गरम. तुमचंही तेच झालं असणार.

तारवाला_नाशिक
काका, पद्मिनीला निगेटिव्ह अर्थ. आणि बॅटरी उलटी असती तर हे थोडा वेळ नीट चाललंच नसतं. धागाकर्त्याला त्या वाटेला नका लावू.

शिवराज_ट्रॅक्टर
एवढा विचार कशाला? फ्यूज कमी पडतोय. आठचा काढा, सोळाचा टाका. नाही मिळाला तर तांब्याच्या तारेचे दोन पदर गुंडाळा. आमच्या ट्रॉलीला वर्षानुवर्षं असंच आहे.

माधवी_क
मिरजकर, कृपया हे अजिबात करू नका. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. आठ अँपिअरच्या जागी तांब्याचे पदर घातले की सगळ्यात कमजोर जागा फ्यूजची राहत नाही, तार स्वतःच फ्यूज होते. ती वितळते हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या आत, शेजारच्या चार तारांना घेऊन. पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला आहे आणि मागच्या दिव्यांच्या तारा तिकडेच जातात, हे लक्षात घ्या. माझ्या मामांच्या फियाटचं डॅशबोर्ड याच उपायाने जळलं.

शिवराज_ट्रॅक्टर
ताई, पण आमचं आजवर काही जळलं नाही.

माधवी_क
तुमच्याकडे शॉर्टच नसेल तर कसं जळेल? यांच्याकडे आहे.

मिरजकर_पी
गाडी १९८६ची. फ्यूज गेला की ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर आणि पेट्रोलचा काटा एकदम जातात. हेडलाइट, हॉर्न चालू राहतात. उभ्या गाडीत उडत नाही, चालताना उडतो. मी फ्यूज काढून मीटरची एक पिन गाडीकडच्या क्लिपला आणि दुसरी बॉडीला लावली, तर बीप वाजतो. म्हणजे शॉर्ट आहे ना?

गल्लीतला_इंजिनीअर
बॅटरी रात्रीत उतरते का? माझ्या फियाटला बॅटरी चार्ज करायला डायनॅमो होता. रेग्युलेटरमधल्या कटआउटचे, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले की गाडी बंद असतानाही बॅटरी डायनॅमोतून रिकामी होते. बॅटरीची तार काढून मध्ये मीटर लावा, दहा अँपिअरच्या रेंजवर. जुन्या गाडीत घड्याळ सोडलं तर काही ओढायला नको.

तारवाला_नाशिक
इंजिनीअर साहेब, माहिती बरोबर आहे, पण यांची बॅटरी उतरत नाहीये, फ्यूज उडतोय. दोन वेगळे आजार आहेत.

मिरजकर, त्या बीपवर जाऊ नका. त्या फ्यूजवर जे जे जोडलंय, त्यातून मीटरला वाट मिळतेच. २१ वॅटचा बल्ब थंड असताना जेमतेम एक ओहमच्या आसपास दाखवतो, पेटल्यावर तोच सात ओहमच्या जवळ जातो. मीटर बल्ब थंड असतानाच मोजतो, त्यामुळे चांगल्या बल्बलाही शॉर्ट समजून बीप देतो.

असं करा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि एक होल्डर घ्या, त्याच्या दोन तारा उडालेल्या फ्यूजच्या दोन क्लिपना लावा. आता फ्यूजच्या जागी बल्ब आला, हाच तुमचा टेस्ट लॅम्प. पुढे कितीही शॉर्ट असला तरी दोन अँपिअरच्या आतच करंट जाणार, तार जळणार नाही, आणि फ्यूजही वाया जाणार नाहीत. इग्निशन कॉइलची तार आधी काढून ठेवा. इंजिन बंद आणि किल्ली चालू असताना डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते.

मग मागचे दोन्ही ब्रेकलाइटचे बल्ब काढा. हे विसरू नका, नाहीतर ब्रेक दाबल्यावर त्यांच्याच लोडने तुमचा टेस्ट लॅम्प पेटेल आणि तुम्ही चुकीच्या जागी शोधत बसाल. किल्ली चालू करा. पेट्रोलच्या काट्याच्या लोडने लॅम्प फार तर मंद लागेल. ब्रेक दाबा. बल्ब काढलेले असल्यामुळे काही फरक पडायला नको. लख्ख पेटला तर शॉर्ट ब्रेकच्या तारेत. तसंच एकेक करून वायपर, इंडिकेटर तपासा, पण तिथे लॅम्प थोडाफार लागेलच, लख्ख लागतो का तेवढं बघा.

रिले_महेश
हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) बसवलेत का? नसतील तर सोमवारच्या आत बसवून घ्या. सगळा करंट स्विचमधून जातो, प्रकाश पिवळा पडतो. दोन रिले, जाड तार, बॅटरीवरून सरळ. जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मिरजकर_पी
महेश, हेडलाइटचा प्रश्नच नाही. तारवाला, सांगितलं तसं केलं. किल्लीवर लॅम्प अगदी मंद. ब्रेक दाबला तरी तसाच. वायपर, इंडिकेटरलाही संशयास्पद काही नाही. आता?

इलेक्ट्रिकल_अण्णा
म्हणूनच तो माणूस नवीन वायरिंग सांगत होता. चाळीस वर्षांची तार, आवरण कडक झालेलं. एक जागा जोडाल, दुसरी फुटेल. नवीन हार्नेस टाका आणि सुखाने झोपा.

माधवी_क
अण्णा, आवरण सगळीकडे तडकलं असेल तर तुमचं मान्य. पण एकच फ्यूज उडतोय आणि बाकी सगळं ठीक आहे, तेव्हा आधी ती एक तार शोधायला हवी.

मिरजकर, उभ्या गाडीत दिसत नाही म्हणजे हलल्यावर कुठेतरी तार पत्र्याला टेकतेय. आणि एक विचारते, गाडीवर अलीकडे काही काम झालंय का?

मिरजकर_पी
वायरिंगचं काही नाही. गणपतीच्या आधी डेंटिंग-पेंटिंग केलं, पूर्ण बॉडी. पण त्याचा इथे काय संबंध?

माधवी_क
फ्यूज तेव्हापासूनच उडायला लागले ना?

मिरजकर_पी
हो, त्यानंतरच.

तारवाला_नाशिक
मग हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. रंगाला टेललाइट काढतात, डिकी रिकामी करतात, तारा भोकातून मागे ओढतात. टेस्ट लॅम्प तसाच राहू द्या. एकाला ब्रेक दाबून बसवा. तुम्ही डिकीत उतरा आणि टेललाइटपासून पुढे एक एक वीत तार हाताने हलवत या. लॅम्प डिकीतून दिसणार नाही, म्हणून तिसऱ्या माणसाला फ्यूजबॉक्सपाशी उभं करा, पेटला की ओरडायला सांगा. पत्र्यातून तार जिथे जिथे पार जाते ती जागा आधी.

काळीपिवळी_दादर
पद्मिनीचा विषय निघालाच आहे म्हणून. आमचे वडील टॅक्सी चालवायचे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ला भरली, तेव्हा ते दिवसभर काही बोलले नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी तुम्ही अजून रस्त्यावर ठेवली आहे, याचा फार आनंद वाटतो.

नियम_पाटील
विंटेज नोंदणी करून टाका, दर पाच वर्षांनी हे झंझट नको.

माधवी_क
पाटील साहेब, २०२१च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. १९८६ची कशी बसेल? शिवाय विंटेज नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही.

मिरजकर_पी
सापडलं!! बायको ब्रेकवर, मुलगा फ्यूजबॉक्सपाशी. डाव्या टेललाइटच्या मागे, डिकीच्या पत्र्यातून तारा जिथे बाहेर जातात तिथे हात लावला आणि मुलगा ओरडला. त्या भोकाला रबरी ग्रोमेट (तार पत्र्याच्या कडेला घासू नये म्हणून बसवतात ती रिंग) होतं, रंगाच्या वेळी काढलेलं ते परत बसवलंच नाही. पत्र्याच्या कडेने ब्रेकच्या तारेचं आवरण कापलंय, अर्ध्या नखाएवढं तांबं उघडं आहे आणि कडेवरचा नवा रंगही तिथेच घासून चकाकतोय. धक्का बसला की तार टेकायची, आणि नेमका तेव्हा ब्रेकवर पाय असला की फ्यूज जायचा. आत्तापुरता टेप गुंडाळलाय. सोमवारसाठी एवढं चालेल का?

शिवराज_ट्रॅक्टर
चालतंय की. डबल गुंडाळा.

तारवाला_नाशिक
टेपवर विसंबू नका, उन्हात डिंक सुटतो. तेवढाच भाग कापा, नवा तुकडा सोल्डर करा, वर आकुंचन पावणारी स्लीव्ह. सोल्डरचा सांधा भोकात येऊ देऊ नका, आतल्या बाजूला घ्या. ग्रोमेट कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळेल, भोकाचं माप घेऊन जा. पुण्यात कुणी असेल तर जुन्या बाजारात रविवारी मूठभर मिळतात. उजव्या बाजूचं ग्रोमेटही बघा, ज्याने एक विसरलं तो दुसरंही विसरला असेल. कॉइलची तार परत जोडा. आणि फ्यूज आठचाच, पांढरा. क्लिप काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिशपेपर मारा, सैल असतील तर थोड्या दाबून घ्या.

मिरजकर_पी
उजवीकडचंही नाहीये. दुकानात निघतोय.